पेज, घोट आणि ठसका : गिळण्याच्या ज्ञानाचा इतिहास आणि दक्षिण कोकण

१

सावंतवाडीहून बांद्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, गोव्याच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, इन्सुली हे गाव आहे. १९४८ पर्यंत ते सावंतवाडी संस्थानात होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात गेले, आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला तेव्हापासून त्या जिल्ह्यात मोडते. परगावच्या माणसाला इन्सुलीचे नाव आठवते ते बहुधा तेथील तपासणी नाक्यामुळे. प्रस्तुत निबंधाचा विषय असलेल्या गिळण्याच्या क्रियेसंबंधी ह्या गावी काही शोध लागला अथवा कोणी ग्रंथ रचला असे नाही. तथापि ह्या विषयाच्या इतिहासातील तीन प्रवाह जेथे एकत्र येतात, अशा टापूत हे गाव वसलेले आहे. भातावर आणि पेजेवर पोसलेली खाद्यपरंपरा हा पहिला प्रवाह. मराठी आणि कोंकणी ह्यांच्या सांध्यावरील मालवणी बोली हा दुसरा. आणि सीमा ओलांडून ज्या रुग्णालयात जावे लागते, तेथील आधुनिक वैद्यक हा तिसरा. ह्या तिहींचा परस्परसंबंध पाहणे हा ह्या निबंधाचा हेतू होय.

निबंधाचा मुख्य सिद्धान्त आरंभीच सांगणे सोयीचे होईल. गळा हे एकच इंद्रिय आपल्या परंपरेतील दोन शास्त्रांनी आपसांत वाटून घेतले. शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी त्यातून निघणारा ध्वनी अभ्यासिला. आयुर्वेदाने त्यातून उतरणाऱ्या अन्नाचा विचार केला, पण तो मुख्यतः त्या अन्नाच्या पचनाच्या दृष्टीने. अन्नाची वाट आणि श्वासाची वाट ज्या ठिकाणी एकमेकींना छेदतात, तेथील सेकंदभराचा व्यापार दोहोंच्या मधल्या सीमेवर राहिला. त्याचा एक परिणाम असा झाला, की आजाऱ्याला पातळापासून घट्टाकडे नेणारी जी आहाराची पायरी कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक आहे, ती तापकऱ्यासाठी योग्य असूनही, पक्षाघाताने ज्याचा गळा दुबळा झाला आहे अशा माणसाच्या बाबतीत घातक ठरू शकते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘गिळणे’ हे क्रियापद संस्कृत ‘गिलति’ ह्या रूपाशी जोडलेले आहे आणि ‘गळा’ हा शब्द संस्कृत ‘गल’ ह्याचा वंशज आहे. दोन्ही एकाच कुळातील. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने गळा हा ‘गिळणारा’ होय, ‘गाणारा’ नव्हे. लॅटिन भाषेतील ‘गुला’ हा कंठवाचक शब्दही ह्याच विस्तृत कुटुंबातला मानतात. ‘घोट’ आणि ‘घुटका’ ह्यांची परंपरा प्राकृतातील ‘घुट्ट’ ह्या धातूपर्यंत जाते. ‘ठसका’ हा अनुकरणवाचक शब्द आहे. त्यातील ध्वनी हाच त्याचा अर्थ. मालवणीत तो ओकारान्त होऊन ‘ठसको’ होतो, आणि ‘गिळायला’ ह्याच्या जागी ‘गिळूक’ हे रूप येते. सीमेपलीकडील कोंकणीत ‘गिळूंक’ आणि ‘गिळप’ ही रूपे आहेत. ‘पेज घशाखाली उतरणा नाय’ असे इन्सुलीचा माणूस म्हणाला, तर ते सावंतवाडीतही कळते आणि पणजीतही.

ह्या शब्दसमूहातील ‘पेज’ हा शब्द इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. संस्कृत ‘पेया’, प्राकृत ‘पेज्जा’, मराठी ‘पेज’ असा त्याचा प्रवास झाला. ‘शय्या’ ह्यापासून ‘सेज्जा’ आणि पुढे ‘शेज’ हा शब्द ज्या नियमाने झाला, त्याच नियमाने ‘पेज’ही झाला. झ्यूल ब्लॉक ह्यांच्या मराठीविषयक ग्रंथात (१९२०), सु. मं. कत्रे ह्यांच्या कोंकणीविषयक ग्रंथात (१९४२) आणि टर्नर ह्यांच्या तौलनिक कोशात (१९६६) अशा ध्वनिपरिवर्तनांची व्यवस्थित मांडणी झालेली आहे. तात्पर्य, पेज हा कोकणातील केवळ स्थानिक पदार्थ नसून, आयुर्वेदाच्या ग्रंथांत जिची व्याख्या केलेली आहे त्या पेयेचा तो प्रत्यक्ष वारस आहे. शास्त्र ग्रंथांत राहिले, पण त्याचा शब्द स्वयंपाकघरात उतरला आणि तेथे टिकला.

गोव्यात ह्या पदार्थाची नोंद युरोपीय भाषेतही फार लवकर झाली. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात, जुलाबवांतीच्या रोग्याला तांदळाचे पाणी मिरी व जिरे घालून पाजण्याचा देशी उपचार नोंदविला असून त्या पाण्याला ‘कांजे’ म्हणतात असे सांगितले आहे. हा शब्द तमिळ ‘कंजि’ ह्यापासून आलेला. पोर्तुगीज भाषेतील ‘कांजा’ आणि इंग्रजांच्या तोंडचा ‘काँजी’ ही त्याचीच रूपे. म्हणजे सोळाव्या शतकात दक्षिण कोकणच्या परिसरात आजाऱ्याचे अन्न म्हणून ह्या पदार्थाची ख्याती पक्की झालेली होती. परंतु ती ख्याती पोटाच्या आजारांसाठी होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

मराठीच्या वाक्प्रचारांत गिळण्याचे जे निरीक्षण साठविलेले आहे, ते पुष्कळ सूक्ष्म आहे. ‘आवंढा गिळणे’ ह्या प्रयोगात, तोंडात काही नसताना होणारे गिळणे आणि मनाची अवस्था ह्यांचा संबंध पाहिलेला आहे. ‘कंठ दाटून येणे’ ह्यात आवाज आणि घास हे दोन्ही एकाच वेळी अडतात. ‘शब्द गिळणे’ ह्यात बोलण्याचा दोष गिळण्याच्या भाषेत सांगितलेला आहे. सामान्य बोलणाऱ्याने बोलणे आणि गिळणे ह्यांची फारकत कधीच केलेली नाही. ती शास्त्रांनी केली.

३

शास्त्रांकडे वळताना प्रथम ध्वनिशास्त्राचा विचार केला पाहिजे, कारण मुखातील अवयवांचे इतके काटेकोर वर्णन प्राचीन काळी अन्यत्र क्वचितच झाले असेल. पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने सांगितली आहेत: उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालू. तैत्तिरीय प्रातिशाख्यात ह्याहूनही सूक्ष्म विचार आहे. कंठ संवृत असता नाद होतो आणि विवृत असता श्वास होतो, हा भेद तेथे स्पष्ट केलेला आहे. आधुनिक परिभाषेत सांगावयाचे, तर स्वरतंतू जवळ आले असता घोष वर्ण आणि दूर राहिले असता अघोष वर्ण निर्माण होतात, हे तत्त्व त्या काळी अवगत होते. व्हिटने ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या ग्रंथाचे संपादन केले; सिद्धेश्वर वर्मा ह्यांनी १९२९ मध्ये आणि ॲलन ह्यांनी १९५३ मध्ये ह्या परंपरेचे मूल्यमापन केले. तेव्हापासून ह्या शोधाचे महत्त्व जगन्मान्य झालेले आहे.

परंतु कंठाला ह्या दोन अवस्थांखेरीज तिसरी एक अवस्था आहे. ती म्हणजे पूर्ण आणि बळकट मिटणे. ह्या अवस्थेत नादही नसतो आणि श्वासही नसतो. घोट गिळताना कंठ नेमका ह्याच अवस्थेत असतो. तिच्यातून कोणताही वर्ण निघत नसल्यामुळे वर्णांच्या शास्त्राला तिचे प्रयोजन नव्हते. हा त्या शास्त्राचा दोष नव्हे. ती त्याने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा होती.

आयुर्वेदाने गळ्याचा विचार दोन वाटांनी केला. पहिली वाट रोगांची. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या ६५ दिली असून त्यांपैकी १७ कंठातील आहेत. त्यांत ‘रोहिणी’ नावाचा जो प्राणघातक रोग वर्णिलेला आहे, त्यात कंठ अवरुद्ध करणारे अंकुर येतात. अनेक अभ्यासक त्याची तुलना आजच्या घटसर्पाशी करतात. घटसर्पात कधीकधी टाळूच्या स्नायूंना तात्पुरता पक्षाघात होतो आणि प्यालेले पाणी नाकावाटे परत येते, असे आधुनिक वैद्यक सांगते. म्हणजे गिळण्याचा बिघाड हा त्या रोगाचा एक भागच होय.

दुसरी वाट वायूंची. चरकसंहितेत थुंकणे, शिंकणे, ढेकर, श्वास आणि आहार ही कार्ये प्राणवायूची म्हणून सांगितली आहेत, तर वाणीची प्रवृत्ती उदानवायूकडे दिली आहे. सुश्रुतही अन्न आत नेण्याचे काम प्राणवायूचेच मानतो. ह्या वर्गीकरणात श्वास घेणे आणि अन्न आत घेणे ही कामे एकाच शक्तीकडे सोपविलेली आहेत, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. दोन्हींचा मार्ग एक आहे आणि दोन्हींचे नियमन एकत्र झाले पाहिजे, ही जाणीव तीत बीजरूपाने दिसते. चरकाच्या विमानस्थानात न बोलता, न हसता, अति घाईने नव्हे आणि अति सावकाशही नव्हे अशा रीतीने, अन्नाकडे मन लावून जेवावे, असा नियम दिलेला आहे. ‘जेवताना बोलू नये’ ही घरोघरी ऐकू येणारी ताकीद ह्याच परंपरेतली. तिला शरीरशास्त्राचा आधार आहे: बोलण्यासाठी श्वासाची वाट उघडावी लागते आणि गिळण्यासाठी ती मिटावी लागते.

तथापि आयुर्वेदाची आहारविषयक व्यवस्था मुख्यतः अग्नीच्या, म्हणजे पचनशक्तीच्या, विचारावर उभी आहे. ज्यात शिते नाहीत तो मंड, थोडी शिते असलेली ती पेया, पुष्कळ शिते असलेली ती विलेपी, आणि त्यानंतर ओदन म्हणजे भात, अशा पायऱ्या ग्रंथांत दिसतात. शोधनचिकित्सेनंतर रोग्याला पेया, विलेपी, यूष आणि रस ह्या क्रमाने आहारावर आणावे, असे सांगितले आहे. मंदावलेला अग्नी जसजसा पेट घेईल तसतसे जड इंधन घालावे, ही त्यामागची कल्पना. कोकणातील स्वयंपाकघरात ह्याच पायऱ्या आजही नांदतात. पेजेची निवळ, मग पेज, मग आटवल म्हणजे गुरगुट्या भात, आणि शेवटी नेहमीचा भात, ह्या क्रमाने तापातून उठलेल्या माणसाला वर आणले जाते. शब्द बदलले, पण शिडी तीच राहिली.

४

गिळण्याच्या क्रियेचे प्रत्यक्ष स्वरूप कळण्यास एकोणिसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझांदी ह्यांनी त्या शतकाच्या आरंभी ह्या क्रियेचे मुख, ग्रसनी आणि अन्ननलिका असे तीन टप्पे पाडले. ती विभागणी थोड्या फेरफाराने आजही वापरात आहे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि अवघ्या तीन वर्षांत, १८९८ मध्ये, अमेरिकेतील कॅनन आणि मोझर ह्यांनी बिस्मथमिश्रित अन्न प्राण्यांना भरवून ते अन्ननलिकेतून कसे उतरते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. १९५६ मध्ये डॉटी आणि बॉस्मा ह्यांनी स्नायूंतील विद्युत्‌प्रवाह मोजून, गिळताना कोणता स्नायू केव्हा आकुंचन पावतो ह्याचा क्रम दाखवून दिला. स्नायूंचा हा क्रम दर वेळी ठराविक असतो आणि त्याचे नियंत्रण लंबमज्जेतून होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

आज ज्ञात असलेले ह्या क्रियेचे वर्णन थोडक्यात असे देता येईल. पहिला टप्पा माणसाच्या इच्छेवर चालतो. घास चावून, लाळेत कालवून, जीभ त्याचा गोळा करते आणि टाळूवर दाबत त्याला मागे ढकलते. गोळा जिभेच्या मुळाशी पोहोचला की दुसरा टप्पा सुरू होतो आणि तो इच्छेच्या ताब्यात राहत नाही. मृदू टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. हनुवटी आणि कंठमणी ह्यांच्यामध्ये घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक लहान हाड आहे. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांधलेले नसून केवळ स्नायूंवर व बंधांवर तोललेले असते. हनुवटीखालचे स्नायू ते वर आणि पुढे ओढतात, आणि त्याबरोबर सारे स्वरयंत्र जिभेच्या मुळाखाली जाते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला असता ही हालचाल कोणासही जाणवते. त्याच वेळी स्वरतंतू मिटतात, त्यांवरील पानासारखी कूर्चा स्वरयंत्राच्या मुखावर झुकते आणि श्वास क्षणभर थांबतो. स्वरयंत्र पुढे ओढले गेल्यामुळे त्याच्या मागे असलेले अन्ननलिकेच्या मुखाचे स्नायुमय कडे उघडते, ग्रसनीचे स्नायू वरून खाली क्रमाने आवळत जातात आणि घास अन्ननलिकेत शिरतो. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. ह्यात स्नायूंच्या पंचवीसहून अधिक जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी पाच भाग घेतात. तिसऱ्या टप्प्यात अन्ननलिकेच्या लाटेसारख्या आकुंचनाने घास जठरात उतरतो.

ह्या क्रमातील एखादा स्नायू उशिरा हलला किंवा दुबळा पडला की घास वाट चुकतो. येथे पदार्थाच्या पातळपणाला निर्णायक महत्त्व येते. पाणी वेगाने वाहते. जीभ त्याला धरून ठेवू शकली नाही, तर स्वरयंत्र मिटण्यापूर्वीच ते त्याच्या तोंडाशी पोहोचते. घट्टसर पदार्थ सावकाश सरकतो आणि मंदावलेल्या स्नायूंना तेवढी उसंत मिळते. म्हणून गळा दुबळा झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत सर्वांत धोक्याचा पदार्थ घट्ट भात नसून साधे पाणी असतो. पचनाच्या शिडीची जी सर्वांत खालची आणि सुरक्षित पायरी, तीच गिळण्याच्या शिडीवर सर्वांत निसरडी ठरते.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट ठसक्यासंबंधीची आहे. ठसका हा शरीराचा पहारेकरी आहे, असा लोकांचा समज असून तो सर्वसाधारणपणे खरा आहे. परंतु पक्षाघातासारख्या आजारात स्वरयंत्राची संवेदनाच मंद झाली, तर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. रोगी शांतपणे पीत आहे असे दिसते, आणि काही दिवसांनी त्याला फुप्फुसदाह होतो. ज्या भाषेत वाट चुकलेल्या घोटाचे नावच त्याच्या आवाजावरून पडले आहे, तिला ह्या निःशब्द चुकीसाठी शब्द नाही. शब्द नसल्यामुळे लक्षणाकडेही लक्ष जात नाही.

५

गिळण्याचे पुनर्वसन हा उपचार वैद्यकाच्या कोणत्या शाखेतून पुढे आला, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला विशेष मननीय वाटेल. तो आला वाचोपचारातून, म्हणजे बोलण्याच्या दोषांवर उपचार करणाऱ्या शाखेतून. कारण उघड आहे. ओठ, जीभ, टाळू, ग्रसनी आणि स्वरयंत्र ह्यांचे स्नायू ज्यांना ठाऊक, त्यांनाच त्यांची दुसरी नोकरीही कळण्याजोगी होती. अमेरिकेतील जेरी लोगेमन ह्यांनी बेरियममिश्रित घास देऊन चलच्चित्र क्ष-किरणाने गिळणे तपासण्याची पद्धत रूढ केली, आणि १८८३ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे १९८३ मध्ये, त्यांचा गिळण्याच्या विकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ चा उल्लेख येथे अशासाठी, की त्या वर्षी क्रोनेकर आणि मेल्ट्झर ह्या जर्मनीतील संशोधकांनी घोट कसा वेगाने खाली फेकला जातो ह्याविषयीचे आपले विवेचन मांडले होते. क्रियेचे ज्ञान आणि त्या ज्ञानाचा उपचारात उपयोग ह्यांमध्ये एक शतक लोटले. १९८८ मध्ये लँगमोर व त्यांचे सहकारी ह्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून गळा पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे क्ष-किरणाच्या खोलीत न जाताही तपासणी शक्य झाली.

ह्या पुनर्वसनातील व्यायाम वरील वर्णनाच्या आधारे सहज समजतात. गिळताना हनुवटी छातीकडे झुकविली, तर काही रोग्यांत श्वासमार्गाचे मुख अरुंद होऊन त्याचे रक्षण होते. कंठमणी वर गेला की तो काही क्षण वरच रोखून धरावयाचा, म्हणजे अन्ननलिकेचे मुख अधिक काळ उघडे राहते. श्वास रोखून गिळावयाचे आणि लगेच खोकावयाचे, म्हणजे स्वरतंतूंवर राहिलेला अंश बाहेर पडतो. उताणे निजून, खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके वर उचलण्याचा व्यायाम १९९७ मध्ये शेकर ह्यांनी प्रसिद्ध केला. त्याने हनुवटीखालचे स्नायू बळकट होतात. हठयोगातील जालंधर बंधाशी हनुवटी झुकविण्याच्या रीतीचे साम्य कोणाच्याही मनात येईल. परंतु ते साम्य आकृतीचे आहे, हेतूचे नाही. त्यावरून एकापासून दुसरे निघाले असे अनुमान काढणे सयुक्तिक होणार नाही.

भारतात ह्या शाखेचे शिक्षण १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. म्हैसूर येथील वाणी व श्रवणविषयक अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच सुमारास श्रवण व वाचोपचाराचा अभ्यासक्रम निघाला. १९२१ मध्ये असहकाराच्या काळात निघालेल्या त्या महाविद्यालयाला ज्या टोपीवाले-देसाई घराण्याचे नाव आहे, त्याच घराण्याचे नाव मालवणच्या विद्यालयालाही आहे. तेव्हा दक्षिण कोकण आणि ही शाखा ह्यांचा संबंध अगदीच परका नाही. १९८३ मध्ये वांद्रे येथे श्रवणविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. ह्या सर्व संस्थांचा आरंभ बोलणे आणि ऐकणे ह्यांसाठी झाला. गिळण्याचा विषय त्यांच्या अभ्यासक्रमांत पुढे दाखल झाला.

गिळण्याच्या विकाराचे रुग्णही ह्या काळात बदलले. पूर्वी घटसर्पाने आणि पोलिओने लहान मुलांचे गळे निकामी होत. लसीकरणामुळे घटसर्प मागे हटला, आणि भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला. आता हा विकार मुख्यतः वृद्धांचा आहे: पक्षाघात, कंपवात, आणि मुखाचा वा घशाचा कर्करोग ही त्याची प्रमुख कारणे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. तरुण माणसे मुंबई-पुण्याकडे आणि गोव्याकडे गेली आणि घरे वृद्धांच्या हाती राहिली, ही ह्या प्रदेशाची जुनी कहाणी आहे. इन्सुली-बांदा परिसरातील गंभीर रुग्णाला पुष्कळदा गोव्यात बांबोळीला नेतात. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेचा वारसा तेथील महाविद्यालयाकडे आहे. पण रुग्णालयातील दिवस थोडे असतात. त्यानंतरचे कित्येक महिने घास भरविण्याचे काम घरातल्या माणसाकडे, बहुधा सुनेकडे किंवा पत्नीकडे, येते. आणि तिच्यापाशी मार्गदर्शक म्हणून असते ती पचनाची जुनी शिडी.

६

ह्या ठिकाणी इतिहासाचा अभ्यास व्यवहाराला येऊन मिळतो. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने गिळण्याच्या रुग्णांसाठी पेयांचे व अन्नांचे शून्य ते सात असे आठ स्तर ठरविले. शून्य स्तरावर पाणी आणि सातव्या स्तरावर नेहमीचे जेवण. पेयाचा स्तर ओळखण्याची कसोटी साधी आहे. १० मिलिलिटर मापाची ठराविक लांबीची पिचकारी भरून तिचे टोक १० सेकंद मोकळे सोडावे. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर शून्य स्तर, १ ते ४ उरले तर पहिला, ४ ते ८ उरले तर दुसरा, ८ पेक्षा अधिक उरले तर तिसरा, आणि काहीच वाहिले नाही तर चौथा. मंड, पेया आणि विलेपी ह्यांचे लक्षण शितांच्या प्रमाणावरून बांधणारे प्राचीन ग्रंथकार आणि पिचकारीतून वाहणारे द्रव मोजणारे आधुनिक मंडळ ह्यांची रीत मुळात एकच आहे: पदार्थाच्या घडणीवरून पायऱ्या पाडावयाच्या. भेद आहे तो पहिली पायरी कोणती धरावी ह्यात. अग्नीचा विचार करणारा मंडापासून आरंभ करतो. गळ्याचा विचार करणाऱ्याला पुष्कळदा मधल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो आणि पाणी सर्वांत शेवटी द्यावे लागते.

तथापि ह्यावरून ‘पाण्याऐवजी पेज पाजावी’ असा सरसकट नियम काढणे धोक्याचे होईल. नेहमीच्या पेजेत पातळ पाणी आणि अख्खी शिते एकत्र असतात. जीभ शितांना आवरीत असता पाणी पुढे निसटते. म्हणून असा दुहेरी पदार्थ दुबळ्या गळ्याला विशेष अवघड जातो. पेज ह्या कामी उपयोगी पडावयाची तर ती घोटून, गाळून, एकजीव केली पाहिजे. शिवाय लाळेतील पाचक रस पिष्टाला पातळ करतो. उष्टा चमचा पुन्हा वाडग्यात गेला, की वाडग्यातील दाट पेज हळूहळू सैल होते. तेव्हा थोडी पेज वेगळी काढून घ्यावी, हे बरे. शेवटी, द्रव दाट केल्याने वाट चुकण्याचे प्रमाण अनेकांत कमी होते हे खरे असले, तरी त्यामुळे फुप्फुसदाह टळतोच असे सिद्ध झालेले नाही, आणि दाट पेये नकोशी होऊन रोगी पाणीच कमी पितो असाही अनुभव आहे. कोणाला कोणता स्तर द्यावा हे तपासणीनंतर तज्ज्ञानेच ठरविले पाहिजे. घरच्या माणसाने मात्र रोग्याला ताठ बसवावे, तो पूर्ण जागा असताना लहान घास द्यावा, जेवण झाल्यावर काही वेळ आडवे करू नये, तोंड स्वच्छ ठेवावे, आणि गिळल्यानंतर आवाज ओलसर, घरघरता होतो काय, ह्याकडे लक्ष द्यावे. ठसका लागला नाही तरी आवाज पुष्कळदा खरे सांगतो. येथे ध्वनीचे शास्त्र आणि अन्नाचे शास्त्र पुन्हा एकत्र येतात.

ह्या सर्व सूचना रोग्याच्या घरी पोहोचावयाच्या तर कोणत्या शब्दांनी, हा प्रश्न उरतो. ‘ग्रसनी’ हा शब्द परिभाषेसाठी निर्दोष आहे. ‘ग्रस्’ धातूपासून तो उत्तम बनलेला आहे आणि विद्वानांच्या लेखनात तो राहावा. पण जी बाई वाडगा हातात घेऊन बसलेली आहे, तिला ‘दुसऱ्या स्तराचे पेय’ असे सांगून काही बोध होणार नाही. निवळ, पेज, घोटलेली पेज, आटवल ही नावे मात्र ती जन्मापासून जाणते. प्रत्येक नावापुढे त्याचा पिचकारीच्या कसोटीने ठरविलेला स्तर लिहिला, तर दोन हजार वर्षांची शिडी टाकून देण्याचे कारण नाही. तिच्या पायऱ्यांवर नवे क्रमांक घालणे पुरेसे आहे. पदार्थांची अशी तपासणी जिल्ह्याजिल्ह्यांतून व्हावयास हवी, कारण विदर्भातील आंबील, देशावरील कण्या आणि कोकणातील पेज ह्यांची घडण सारखी नाही. हे काम एकट्या वैद्याचे नव्हे. वाचोपचारतज्ज्ञाने कसोटी लावावी, स्वयंपाक करणाऱ्यांनी पदार्थ करून दाखवावेत, आणि बोलींच्या अभ्यासकाने गावोगावचे शब्द बिनचूक टिपून द्यावेत. शिक्षाकारांनी आणि वैद्यांनी वाटून घेतलेला गळा अशा सहकार्यानेच पुन्हा एक होईल, आणि त्याचा लाभ प्रथम त्या माणसाला होईल, ज्याला पाण्याचा एक घोटही सुखाने उतरत नाही.